वेताच्या खुर्च्यांना बुरशी का लागली?

प्रश्न : सासूबाईंच्या माहेरून आलेल्या वेताच्या दोन खुर्च्या आणि एक झोपाळा आमच्या गंगापूर रोडच्या घरी पश्चिमेच्या बाल्कनीत असतो. गेल्या पावसाळ्यात सगळं प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट बांधून ठेवलं. दिवाळीला उघडलं तर हिरवट-पांढरी बुरशी, आणि पायांजवळची वीण सुटलेली. काय चुकलं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पावसापेक्षा त्या कागदानंच घात केला. मी बुरूडकामाच्या घरात वाढले. वडील वेत भिजवूनच वाकवायचे, तेव्हा पाण्याशी त्याचं वैर नाही. ओल आत कोंडली, वारा लागला नाही, की बुरशी धरते. वेताची साल चकचकीत असते, तिच्यातून पाणी सहसा शिरत नाही. पण कापलेलं टोक उजेडात धरून बघा, बारीक छिद्रंच छिद्रं दिसतील. ओल्या फरशीवर टेकलेल्या पायांत पाणी तिथूनच चढलं.

आता कोरडा दिवस बघा. तोंडाला रुमाल बांधून बुरशी बाल्कनीतच ब्रशनं झाडा. मग कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून पिळलेल्या फडक्यानं पुसा, विणीच्या फटींत जुना टूथब्रश फिरवा. वरून पाणी ओतू नका. नंतर दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा, उन्हात नको.

बसायची जाळी लोंबली असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूला गरम पाण्यात पिळलेलं फडकं अर्धा तास ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. वाळताना वेत आक्रसतो, जाळी ताठ होते. तोवर पोरांना बसू देऊ नका. वडील सकाळी जाळीवर टिचकी मारायचे. आवाज बसका आला की म्हणायचे, "अजून ओली आहे, राहू दे."

पूर्ण वाळल्यावर बाहेरच्या लाकडाला लावतात ते पीयू पॉलिश पातळ दोन हात द्या, पायांच्या टोकांना तिसरा. त्यावर रबरी टोप्या बसवा, म्हणजे खुर्ची फरशीवरून उचललेली राहील.

तरी मृग लागायच्या आत सामान घरात घ्याच. तुमच्याकडे झड थेट पश्चिमेकडून येते, तिथे पॉलिश पुरं पडणार नाही. जागाच नसेल तर जाड सुती चादर वरून टाका, खालून वारा खेळू द्या. उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही तितकंच वाईट, त्यानं वेत सुकून चिरतो. बांबूचा पडदा सोडा.

झोपाळ्याचं मात्र मला जास्त वाटतं. टांगायच्या कडीजवळचा वेत नखानं दाबून बघा. नख रुतलं किंवा भुगा पडला, तर दुरुस्तीआधी कुणालाही बसू देऊ नका.

सुटलेली वीण बुरडाकडून वेताच्या सालीनंच बांधून घ्या. कुणी खिळा मारतो म्हणालं तर मारू देऊ नका. खिळा ओलीनं गंजतो आणि वेत तिथेच उभा चिरतो.