मुलाला एडीएचडी आहे, मग वर्गात आम्ही का बसायचं?

तुमच्या सात वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलपणा असतो, ती अवस्था) असल्याचं निदान झालंय, डॉक्टरांनी औषधाबरोबर पालकांसाठीचे दहा वर्गही करायला सांगितलेत, आणि त्यातून खरंच काही पदरात पडतं का, असं तुम्ही विचारलंय. मी ते वर्ग केलेत. माझा मुलगा तेव्हा साडेसहाचा होता, आता दहाचा आहे. पडतं. पण पहिल्या तीन वर्गांना मी बायकोला एकटीला पाठवलं आणि ते तीन आठवडे जवळपास वायाच गेले.

ती तिथून शिकून यायची, घरी तसं वागायला बघायची, आणि मी आतल्या खोलीतून "अरे, किती वेळा सांगायचं तुला!" म्हणत सगळ्यावर पाणी फिरवायचो. शेवटी वर्ग घेणाऱ्या बाईंनी तिला बजावलं, पुढच्या वेळी बाबांना आणा. गेलो. नऊ आया आणि मी.

त्या दिवशीचा गृहपाठ असा: सकाळी शाळेच्या तयारीची दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि आपण किती सूचना देतो ते मोजा. माझ्या एकट्याच्या सत्तावीस निघाल्या. ऊठ, आवर, मोजे कुठायत, दूध संपव, इकडे बघ, तिकडे काय बघतोयस. एकाही सूचनेनंतर मी पाच सेकंद थांबलो नव्हतो. ऐकताना मलाच घाम फुटला. मग बाईंनी शिकवलं ते एवढंच: लांबून ओरडायचं नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, नाव घ्यायचं, "बूट घाल" एवढं एकच काम सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. मनात पाच मोजायचे. घातले की त्याच क्षणी, "सांगितल्याबरोबर घातलेस, छान." वाचायला बाळबोध वाटेल. करून बघा. ते पाच सेकंद गप्प राहणं महाकठीण आहे.

बक्षिसाचंही आमचं चुकत होतं. महिनाभर शहाण्यासारखा वागलास तर सायकल, असा तक्ता मी फ्रिजवर लावला होता. तिसऱ्या दिवशी तो फाटला. या मुलांना लांबचं बक्षीस खुणावतच नाही, महिनाअखेर म्हणजे त्यांच्या लेखी पुढचा जन्म. बाईंनी चिंचोके सुचवले. ठरलेलं काम झालं की बरणीत एक चिंचोका, सात झाले की त्याच संध्याकाळी गच्चीवर बाबांबरोबर वीस मिनिटं क्रिकेट. मिळालेला चिंचोका रागाच्या भरात परत काढून घ्यायचा नाही.

हे सुरळीत चाललं आणि एक दिवस बरणी गच्च भरलेली दिसली. माझ्या आईने मूठभर टाकले होते. "एवढंसं पोर, किती तंगवायचं?" मग पुढच्या वर्गाला आईलाही नेलं. आमच्या वेळी कुठे होती ही असली थेरं, असं जाताना रिक्षात पूर्णवेळ चाललं होतं. येताना एवढंच म्हणाली, "तूही अस्साच होतास." (एडीएचडी बऱ्याचदा घराण्यात असतो. माझं प्रकरण पुन्हा कधीतरी.)

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. आकांडतांडवाकडे लक्ष द्यायचं नाही असं शिकवतील. तुम्ही लक्ष काढून घेतलंत की आधी ते वाढतं, मग ओसरतं. आमच्या वर्गातले बरेच पालक नेमके त्या वाढलेल्या आठवड्यात गळाले.

औषध की वर्ग, अशी निवड करू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची मार्गदर्शक सूचना असं सांगते, की सहाच्या आतल्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, आणि सहाच्या पुढे औषधाच्या जोडीने ते. तिथेच 579 मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1999 साली आले. चंचलपणा आणि लक्ष न लागणं यांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा (पालकांचे असे वर्ग त्यातच येतात) नीट देखरेखीखालचं औषध जास्त चाललं. पण दोन्ही मिळालेल्या मुलांचं औषधाच्या कमी मात्रेत भागलं. तेव्हा "आमच्या वर्गाने औषध सुटेल" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नुसती व्याख्यानं असतील, गृहपाठ नसेल, तरीही उठा.

मुंबईत उम्मीद हे बालविकास केंद्र, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, इथे चौकशी करता येईल. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणींवरचं सरकारी केंद्र, आहे का विचारा. ते ज्याखाली चालतं त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे आणि तिथे पैसे पडत नाहीत. रात्री-बेरात्री अगदीच हात टेकले तर 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

आमचा अजून डबा शाळेत विसरतोच. काल मात्र दोन दिवसांचे दोन्ही डबे एकदम घरी आले, आणि दोन्हींचे चिंचोके त्याने वसूल केले.