इंग्रजी मेलमध्ये स्पेलचेक लाल रेघ दाखवत नाही, तरी साहेब शब्द चुकला म्हणतात. असं का?

कारण शब्द बरोबर असतो, फक्त तो तुमच्या वाक्यातला नसतो. स्पेलचेक बहुतेक वेळा शब्द अस्तित्वात आहे का एवढंच बघतो.

आपल्याला सगळ्यात जास्त फसवते ती 'लूज'ची जोडी. आपण शर्ट 'लूज' झाला म्हणतो, पण इंग्रजीत सैल म्हणजे 'लूस', शेवटी स्पष्ट स, आणि स्पेलिंगमध्ये दोन ओ. हरवणे, गमावणे याचा उच्चार 'लूझ', आणि त्यात ओ एकच. म्हणजे कानाने लिहायला गेलो की नेमकं उलटं होतं! मी एकदा क्लायंटला 'आम्हाला ही ऑर्डर गमवायची नाही' असं लिहिताना दोन ओ घातले होते. लोकल ठाण्याला पोचेपर्यंत मेल दहा जणांना फॉरवर्ड झालेला.

दुसरी जोडी स्टेशनरी. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मिळते ती वह्या-पेनांची, तिच्या शेवटी ई-आर-वाय. ए-आर-वाय लिहिलंत तर अर्थ 'जागचा न हलणारा', म्हणजे सिग्नलला अडकलेली आपली लोकल. गंमत म्हणजे मूळ एकच: फिरता विक्रेता नव्हे, एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर.

अ‍ॅडव्हाइस सोपं आहे. सल्ला हे नाम, त्यात सी. सल्ला देणे हे क्रियापद, त्यात एस आणि उच्चार 'अ‍ॅडव्हाइझ'.

पाठवण्याआधी मेल एकदा मोठ्याने वाचू नका, कान इथे दगा देतो. संशयित शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघा.