मागून येणारी बिनआवाजाची गाडी

विजेवर चालणाऱ्या वाहनांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. चारही पत्रे विदर्भाच्या खेड्यांतून आली आहेत आणि चारहींचे मूळ एकच आहे: गाडी आली, पण ती आल्याचे कळले नाही. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. फाल्गुनात ते वावरातून पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्याच्या डाव्या कडेने घरी येत होते. मागून आलेल्या विजेच्या चारचाकीचा आरसा भाऱ्याला लागला आणि बाबा रस्त्याखालच्या नालीत पडले. मनगट मोडले. गाडीवाले सज्जन होते, त्यांनीच दवाखान्यात नेले, परंतु "आबाजींना एवढी मोठी गाडी कशी कळली नाही?" असे ते वारंवार म्हणत होते. तेव्हापासून बाबा स्वतःलाच दोष देतात. "माहे कान गेले," म्हणतात आणि एकट्याने रस्त्याने जायला भितात. चूक त्यांची होती का? अशा गाड्यांना आवाज असावा, असा काही नियम नाही का?
(एक वाचक, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

उत्तर : सर्वप्रथम बाबांना सांगा की चूक त्यांची नव्हती. पुढचे सारे उत्तर त्यांना वाचून दाखवलेत तर बरे होईल.

गाडीचा आवाज दोन ठिकाणांहून येतो. एक इंजिनाचा, त्याच्या पंख्याचा आणि सायलेन्सरचा. दुसरा टायर रस्त्यावर घासल्याचा आणि वारा कापला गेल्याचा. वेग अधिक असला की टायरांचा आवाज इतका वाढतो की पेट्रोलची गाडी काय आणि विजेची काय, दोन्ही जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. फरक पडतो तो ताशी २० ते ३० किलोमीटरच्या खाली, कारण तेथे टायर फारसे वाजत नाहीत आणि इंजिन तर विजेच्या गाडीत नसतेच. आपल्या गावरस्त्यांवर खड्डे, गतिरोधक, ढोरे आणि वाळत घातलेली तूर यांमुळे गाड्या नेमक्या याच वेगाने चालतात. मुरमाच्या पांदणीत चाकाखाली खडे करकरतात म्हणून थोडी तरी चाहूल लागते. नव्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर तीही लागत नाही.

आता बाबांच्या डोक्यावरचा भारा आठवा. वाळलेल्या पऱ्हाटीला बोंडांची रिकामी कवचे लटकलेली असतात आणि प्रत्येक पावलागणिक ती कानाशी खडखडतात. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला कळते ते तो एका कानाला दुसऱ्याच्या किंचित आधी पोहोचतो म्हणून. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो आणि दोन्ही कानांवर फांद्या लोंबत असल्या तर तो हाती लागत नाही. त्यातच भारा तोलून धरलेल्या माणसाला मान वळवून मागे पाहता येत नाही. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा उंच, बारीक स्वर आधी जातात; म्हणजे टायरांची बारीक सळसळ म्हाताऱ्या कानांतून प्रथम निसटते. ताशी २० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला साडेपाच मीटर पुढे येते. ती अकरा मीटरांवर आल्यावर चाहूल लागली, तर ७४ वर्षांच्या माणसाला भाऱ्यासकट बाजूला होण्यासाठी दोनच सेकंद मिळतात. जुनी डिझेलची जीप फाट्यावर वळली तेव्हाच बाबांना कळत असे. त्यांच्या कानांनी आयुष्यभर ज्या खुणेवर भरवसा ठेवला, ती खूणच या गाडीत नाही.

नियमांबद्दल. हा प्रश्न जगात प्रथम जोराने मांडला तो अंध व्यक्तींच्या संघटनांनी, कारण रस्ता ओलांडण्याचा त्यांचा सारा हिशेब कानांवर असतो. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०१६ साली नियम क्रमांक १३८ तयार झाला. त्यानुसार विजेच्या चारचाकीने ताशी २० किलोमीटरपर्यंत स्वतःहून आवाज केला पाहिजे: ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० ला ५६, मागे येताना ४७, आणि कधीही ७५ हून अधिक नाही. वेग वाढला की स्वर चढला पाहिजे, म्हणजे गाडी येते आहे की थांबते आहे हे न पाहता कळते. या आवाजाचा काही भाग १६०० हर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याखाली असावा, असेही त्यात आहे. हे कलम मला फार मोलाचे वाटते, कारण बाबांसारख्या कानांना उपयोगी पडेल तो आवाज हाच आहे. युरोपात नव्या नमुन्यांना हे जुलै २०१९ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना जुलै २०२१ पासून बंधनकारक झाले. अमेरिकेत ही मर्यादा ताशी ३० किलोमीटरपर्यंत आहे.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा प्रसिद्ध केला. प्रवासी आणि मालवाहू विजेच्या वाहनांच्या नव्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०२७ पासून अशी आवाजाची यंत्रणा असावी, असा तो प्रस्ताव आहे. तो योग्यच आहे. मात्र आज ज्यांच्या दारात गाडी उभी आहे तिला तो आवाज बसवीत नाही, आणि खेड्यांत सर्वाधिक फिरणाऱ्या विजेच्या दुचाक्या व ई-रिक्षा त्याच्या कक्षेत येत नाहीत. या दोन उणिवांची मला खरी काळजी वाटते.

एका अभ्यासाचाही उल्लेख करतो, कारण त्याचा आधार घेऊन कोणी आपल्याला निश्चिंत राहायला सांगू शकेल. ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या काळातील अपघातांच्या नोंदी तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सारखेच अंतर चालणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्या तुलनेत विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांची पादचाऱ्यांना धडक बसण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. शहरांत ते आणखी अधिक होते, ग्रामीण भागात मात्र फरक दिसला नाही. यावरून आपल्या खेड्यांना धोका नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे वावरात जाणारा, शाळेत जाणारा, पाण्याला जाणारा प्रत्येक जण गाडीच्याच रस्त्याने पायी चालतो आणि त्या रस्त्याला पदपथ नसतो.

बाबांसाठी एकच बदल सुचवतो: रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात, त्यामुळे उजवीकडून चालणाऱ्याच्या जवळची गाडी नेहमी समोरून येते आणि कानांचे काम डोळे करतात. लहानपणापासूनची डावी बाजू सोडणे सोपे नाही. पहिले काही दिवस घरातील कोणी सोबत चालावे. रात्री ओलितासाठी जाताना बॅटरीचा उजेड पायाशी तर हवाच, पण पाठीवर किंवा काठीला चमकती रेडियम पट्टीही असावी. आणि त्यांना एकट्याने बाहेर पडू द्या, अडवू नका.

प्रश्न : मी शिक्षक आहे. गेल्या वर्षी विजेची कार घेतली. हळू चालवताना ती गुणगुणल्यासारखा आवाज करते. तो बंद करण्याची सोय गाडीत आहे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे मी तो बंद ठेवतो. आता गावात शिरल्यापासून घरापर्यंत हॉर्न वाजवत जावे लागते. योग्य काय?
(एक वाचक, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : आवाज आजच सुरू करा आणि पुन्हा बंद करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या नियमाच्या सुधारित आवृत्तीत अशी बंद करण्याची कळ ठेवण्यासच मनाई आहे. ५० डेसिबल म्हणजे दोन माणसांच्या हलक्या आवाजातील बोलण्याइतके. शेजाऱ्यांना एकदा गाडीजवळ उभे करून ऐकवा आणि हा आवाज त्यांच्याच नातवंडांसाठी आहे, हे सांगा.

हॉर्न हा त्याचा पर्याय नव्हे. गाडीची गुणगुण सतत येते, हळूहळू वाढते आणि ऐकणाऱ्याला दिशा व अंतर यांचा अंदाज देते. हॉर्न अचानक येतो, आणि तो पाठीशी पाच हातांवर वाजला तर माणूस दचकून कोणत्या बाजूला उडी घेईल हे त्यालाही ठाऊक नसते. हॉर्न द्यायचाच असेल तर पन्नास-साठ पावले अलीकडून, एकदाच, थोडा द्यावा. मग वेग कमी करून त्या माणसाने मागे वळून पाहण्याची वाट पाहावी. त्याने पाहिले नाही तर त्याला आपण कळलेलो नाही, असेच धरून चालावे. त्याच्यापासून किमान दीड मीटर बाजूने जावे, आणि तेवढी जागा नसेल तर थांबावे. विजेची गाडी पाय ठेवताच पूर्ण जोराने उसळते, म्हणून वस्तीत पाय फार हलका हवा.

उभ्या गाडीचा धोका याहून मोठा आहे आणि त्याविषयी फार थोडे बोलले जाते. पाराजवळ किंवा दुकानासमोर तुमची गाडी चालू स्थितीत उभी असते, पण ती थरथरत नाही, घुरघुरत नाही. मुलांना ती बंदच वाटते. ती मागच्या बंपरला टेकून गोट्या खेळतात, एखादी आजी सावलीसाठी चाकाशी येऊन बसते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसारही उभ्या गाडीने आवाज करणे बंधनकारक नाही. अमेरिकेत मात्र चालू गाडी पार्किंगच्या गिअरमध्ये नसेल तर उभी असतानाही तिने वाजावे लागते. म्हणून दोन सवयी लावून घ्या. खाली उतरायचे असो वा नसो, दोन मिनिटांहून अधिक थांबायचे असल्यास गाडी पूर्ण बंद करा. आणि मागे घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी उतरून गाडीभोवती एक फेरी मारा, कारण कॅमेऱ्याला चाकाशी बसलेले दीड वर्षाचे मूल प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही.

प्रश्न : आमच्या गावातील शाळकरी मुले विजेच्या लहान स्कूटरवर तिघे-तिघे बसून सुसाट जातात. पासिंग नाही, लायसन्स नाही. हे कायद्यात बसते का?
(एक वाचक, अचलपूर तालुका, जिल्हा अमरावती)

उत्तर : ज्या स्कूटरचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर आणि मोटारीची शक्ती २५० वॉटपर्यंत आहे, ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच ठरत नाही, म्हणून तिला नोंदणी, परवाना आणि विमा बंधनकारक नाही. अनेक पालक येथेच निर्धास्त होतात. परंतु विमा नाही याचा अर्थ असा की एखाद्या म्हातारीचा खुबा मोडला तर दवाखान्याचा खर्च भरणारी विमा कंपनी मागे नसते. तो भार धडक देणाऱ्याच्या किंवा पडणाऱ्याच्या घरावर येतो. तुमच्या गावातील स्कूटर खरोखर सुसाट जात असतील, तर त्या या मर्यादेत आहेत का हे आधी पाहावे. वेगाचे बंधन काढून घेतलेली स्कूटर या सवलतीत बसत नाही आणि ती नोंदणीशिवाय रस्त्यावर आणणे बेकायदेशीर आहे.

एक साधा उपाय सुचवतो. हँडलला सायकलची घंटी लावा आणि गल्लीतून जाताना ती वाजवत जाण्याची सवय मुलांना लावा. घंटीने कोणी दचकत नाही, आणि सायकल येते आहे हे आपल्या गावातील सर्वांत म्हाताऱ्या कानालाही ओळखता येते. तिघांनी बसणे मात्र घंटी लावूनही चालणार नाही. तेथे पालकांनीच चावी काढून घ्यावी.

प्रश्न : आम्ही दरवर्षी प्रकटदिनासाठी शेगावला पायदळ वारी नेतो. पहाटे अंधारातच निघतो. टाळ-मृदंगाच्या गजरात मागून आलेली गाडी आधीही उशिरा कळत असे, आता तर विजेच्या गाड्या आणि बसही आल्या. दिंडीने कोणती काळजी घ्यावी?
(एक वाचक, मंगरुळपीर तालुका, जिल्हा वाशीम)

उत्तर : तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे शेकडो माणसे स्वतःच्या भजनाने आपले कान झाकून चालतात आणि तसे त्यांनी चालावेच. भजन थांबवा असे मी म्हणणार नाही. ऐकण्याचे काम दिंडीतील सर्वांकडून काढून ते मोजक्या माणसांवर सोपवावे लागेल.

शेवटच्या वारकऱ्याच्या मागे साधारण शंभर पावलांवर दोन सेवेकरी ठेवावेत. त्यांच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट आणि हातात लाल बॅटरी असावी. एकाने मागे पाहत चालावे, दुसऱ्याने शिटी तोंडाशी धरून दिंडीकडे लक्ष ठेवावे. पुढेही असाच एक जण हवा. रस्त्यावर तीनपेक्षा अधिक ओळी करू नयेत. सामानाची गाडी दिंडीच्या मागे ठेवून तिचे चारही इंडिकेटर चालू ठेवले, तर मागून येणारा चालक दुरूनच सावध होतो. पालखीसोबत बैलबंडी असेल तर तिच्या मागच्या फळीला रेडियम पट्टी लावा. बैलांना थेट पाठीमागचे दिसत नाही, गळ्यातील घुंगरमाळांमुळे ऐकूही कमी येते, आणि न वाजणारी गाडी एकदम डोळ्याच्या कडेला दिसली की ते बुजतात. धुरकऱ्याजवळ एक माणूस पायी चालत असावा.

मागच्या सेवेकऱ्यांची पाळी दर तासाला बदला, कारण अंधारात सतत मागे पाहत चालण्याने माणूस लवकर थकतो आणि थकला की भजनात रमतो. पाळीवर असेपर्यंत त्या दोघांच्या हाती टाळ देऊ नये.