गोल्फ क्लबच्या पूर्ण सेटचं फिटिंग: ‘अर्धा इंच लांब, २ अंश अपराइट’ एवढ्यावर ऑर्डर देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची ६ फूट २ इंच, उजव्या हाताने खेळता, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका खेळ चांगला) १८ च्या घरात. मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप घेऊन फिटरने (खेळाडूच्या मापाचे क्लब ठरवून देणाऱ्याने) अर्धा इंच लांब आणि २ अंश अपराइट (दांडा जास्त उभा) असा सेट लिहून दिला आहे. ऑर्डर द्यावी का?

अजून नाही. ते माप फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतं. चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी तुमचे हात किती उंचीवर असतात, हे उभं राहून घेतलेल्या मापातून कळत नाही. एकाच उंचीचे दोन खेळाडू, एक कमरेतून वाकणारा आणि दुसरा ताठ उभा राहणारा, यांना लागणारा लाय (क्लब जमिनीवर टेकवल्यावर दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) बराच वेगळा निघू शकतो.

शिवाय या सल्ल्यात एक मेख आहे. लांबी आणि लाय एकमेकांत गुंतलेले असतात. क्लब अर्धा इंच वाढवला की टो (हेडचं दांड्यापासून लांबचं टोक) वर उचलला जातो आणि न वाकवताच तो साधारण १ अंश जास्त अपराइट खेळतो. त्यावर आणखी २ अंश वाकवले तर प्रत्यक्षात ३ झाले. म्हणून फिटरला सरळ विचारा: हे २ अंश स्टँडर्ड लांबीच्या क्लबवर धरलेत की वाढवलेल्या? टो वर राहिला की फेस (हेडची चेंडूला लागणारी बाजू) डावीकडे बघतो, आणि लॉफ्ट (फेस मागे किती कललेला आहे तो कोन) जितका जास्त तितका हा परिणाम मोठा. मिड-आयर्नला (मधल्या अंतराच्या आयर्नला) १ अंशामागे चेंडू सुमारे ४ यार्ड डावीकडे जातो असा ठोकताळा आहे. ड्रायव्हरला (सर्वात लांब मारायच्या, कमी लॉफ्टच्या क्लबला) हाच फरक जवळजवळ जाणवत नाही.

लाय तपासायची खात्रीची पद्धत अगदी साधी आहे. चेंडूवर मार्करने जाड रेघ काढा, ती उभी आणि फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. फेसवर रेघेचा ठसा उमटतो. ठसा फेसवरच्या आडव्या खोबणींशी काटकोनात असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टो-कडे झुकलं असेल तर क्लब जास्त अपराइट, हीलकडे (दांड्याजवळच्या बाजूला) झुकलं असेल तर जास्त फ्लॅट (अपराइटच्या उलट). लाय बोर्डही (कडक फळी, तिच्यावरून मारून क्लबच्या तळावरची खूण बघतात) चालतो, पण फळीवर उभं राहिल्यावर पुष्कळांचा स्विंग बदलतो. ५-६ चांगले फटके घ्या आणि त्यांचा कल बघा. एका ठशावरून निर्णय नको.

आता क्रम. वॉर्म-अपनंतर आधी स्वतःच्या ७ आयर्नने १० फटके मारून आकडे नोंदवून घ्या. नव्या क्लबची तुलना दुकानातल्या दुसऱ्या नव्या क्लबशी नाही, या आकड्यांशी करायची. मग आयर्नची लांबी, लाय, शाफ्टचं (दांड्याचं) वजन, त्यानंतर फ्लेक्स (शाफ्ट किती लवतो ते), आणि ग्रिप (मूठ). ड्रायव्हर आणि वुड्स (लांब फटक्यांचे मोठ्या हेडचे क्लब) दुसऱ्या दिवशी ठेवा. पूर्ण सेटमध्ये भरपूर चेंडू मारावे लागतात, आणि दमलेल्या शरीराचा स्विंग मोजून काढलेला शाफ्ट ताज्या शरीराला मऊ वाटतो. पाठ किंवा खांदा दुखत असेल, किंवा कोचबरोबर स्विंगमध्ये मोठा बदल चालू असेल, तर फिटिंग पुढे ढकला.

शाफ्टबद्दल लोक आधी फ्लेक्स विचारतात. माझं ठाम मत, आधी वजन. रेग्युलर, स्टिफ या नावांना कंपन्यांमध्ये एकच प्रमाण नाही, त्यामुळे एकीचा स्टिफ दुसरीच्या रेग्युलरइतका मऊ असू शकतो. ग्रॅम मात्र खोटं बोलत नाहीत. आयर्नच्या स्टील शाफ्टमध्ये साधारण ९५ ते १३० ग्रॅमपर्यंत पर्याय मिळतात, ग्रॅफाइटमध्ये त्याहून हलके. फार हलका शाफ्ट असेल तर लय घाईची होते आणि चेंडू फेसवर जागा बदलत लागतो. फार जड असेल तर वेग पडतो आणि शेवटच्या काही होल्सवर चेंडू उजवीकडे सुटू लागतात.

लांबी वाढवल्यावर स्विंगवेटही (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचा अंक) बदलतो. अर्धा इंच म्हणजे साधारण ३ अंक, डी२ चा डी५. मूळ अंकावर यायचं तर हेड सुमारे ६ ग्रॅम हलकं लागतं, आणि ते ऑर्डर देतानाच मागावं लागतं. जड ग्रिप लावून काट्यावरचा आकडा खाली आणता येतो, पण त्याने हेड हलकं होत नाही.

लाँच मॉनिटरच्या (फटक्याचा वेग, कोन, स्पिन मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर सगळ्यांची नजर सर्वात लांब फटक्यावर जाते. तुम्ही सरासरी कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) आणि चेंडूंचा पसारा बघा. आयर्नसाठी उतरण्याचा कोन बघा: ४५ अंशांच्या आसपास असेल तर चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) थांबायला मदत होते. २८ अंशांचा ७ आयर्न ३४ अंशांच्या ७ आयर्नपेक्षा लांब जाणारच, त्यात क्लबचं कौतुक काही नाही. अशा सेटचा पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) ४३ अंशांचा असला आणि तुमचा सँड वेज ५६ चा, तर मध्ये १३ अंशांची दरी पडते. तिथे दोन वेज नाही, तरी एक तरी घालावा लागेल, आणि पिशवीत १४ च क्लब चालतात. वरच्या टोकाला उलट तपासणी करा. ५ आणि ६ आयर्नच्या कॅरीत ८-१० यार्डही फरक येत नसेल, तर ५ ऐवजी हायब्रिड (आयर्न आणि वुडच्या मधला क्लब) घ्या.

फिटिंग शक्यतो प्रीमियम चेंडूंवर, खरं तर तुम्ही खेळता त्याच चेंडूवर करा. सरावाच्या रेंजवरच्या चेंडूंचे स्पिनचे आकडे फसवे असतात. कृत्रिम गवताची मॅट तर आणखी फसवी: चेंडूच्या २ इंच मागे लागलेला क्लब मॅटवर घसरून पुढे जातो आणि फटका बरा दिसतो. वेजचा बाउन्स (क्लबला जमिनीत रुतू न देणारा तळाचा कोन) म्हणूनच गवतावर ठरवायचा. मऊ जमीन आणि खोल डिव्हट (गवत-मातीचं ढेकूळ) काढणारा स्विंग असेल तर जास्त बाउन्स, कडक जमीन आणि गवत झाडत जाणारा स्विंग असेल तर कमी.

ड्रायव्हरच्या फेसवर फूट पावडरचा फवारा मारून ठसे बघा. हीलकडे लागलेला चेंडू उजवीकडे वळतो आणि फेसच्या खालच्या भागात लागलेला जास्त स्पिन घेतो. जागा सुधारण्याआधी होझल (शाफ्ट आणि हेडमधला फिरवता येणारा सांधा) फिरवत बसण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरची लांबी ४५.५ इंचांऐवजी ४५ किंवा ४४.५ इंचांवर मारून बघा. बहुतेकदा ठसे मध्याकडे सरकतात. होझलने लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, हेही लक्षात ठेवा.

ग्रिपसाठी साधी खूण: डाव्या हाताची मधली दोन बोटं अंगठ्याच्या उंचवट्याला जेमतेम टेकावीत. रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, खाली टेपचे थर वाढवा. पटरचं (ग्रीनवर वापरायच्या क्लबचं) फिटिंग स्वतंत्र करा, तासाभराच्या शेवटच्या १० मिनिटांत उरकू नका.

ऑर्डरसोबत लेखी बिल्ड शीट मागा: हेड, शाफ्टचं पूर्ण नाव, लांबी, लॉफ्ट, लाय, स्विंगवेट, ग्रिप, टेपचे थर. लांबी ग्रिपच्या टोपीसह मोजली की टोपीशिवाय, तेही लिहून घ्या. सेट आला की लॉफ्ट-लाय मशीनवर प्रत्येक क्लब मोजून घ्या. कारखान्यातून १ अंश इकडे-तिकडे येणं नवल नाही, आणि एक क्लब १ अंश वर, शेजारचा १ अंश खाली आला तर त्यांच्या लॉफ्टमधला ४ अंशांचा फरक २ वर येतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड सहज वाकवून दुरुस्त होतं. कास्ट (ओतीव) स्टेनलेस स्टीलचं हेड २ अंशांपलीकडे वाकवताना तुटण्याचा धोका असतो, त्यामुळे जास्त बदल लागणार असेल तर तसं हेडच मागवा. वेजचा लॉफ्ट १ अंश कमी केला की बाउन्सही १ अंश कमी होतो, हे क्लब वाकवण्यापूर्वी फिटरशी बोलून घ्या. फोर्ज्ड सेट मॅटवर भरपूर मारत असाल तर वर्षातून एकदा लॉफ्ट आणि लाय पुन्हा मोजून घ्या.