आवडत्या कुर्त्याच्या मापावरून फुलाफुलांचा ड्रेस शिवता येईल का?

येईल की. माझे तीन ड्रेस एकाच जुन्या कुर्त्यावरून निघालेत आणि तो कुर्ता अजून शाबूत आहे. तुम्ही लिहिलंय की कुर्ता उसवायचा नाही, शिवण शिकायला लागून सहाच महिने झालेत, आणि कंबरेला चुण्या असलेला गुडघ्याखालचा ड्रेस हवाय. तेवढ्यापुरतं सांगते.

आधी कुर्ता हातात घेऊन आडवा ताणून बघा. होजियरी किंवा लायक्राचा असेल तर त्याच्या मापाचा काही उपयोग नाही. कॉटनमध्ये तेच माप घेतलंत तर वरच्या कपाटातला डबा काढायला हात वर केलात की मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईत, उसवलंच म्हणून समजा. कुर्ता कॉटनचा असेल तर पुढे वाचा.

कुर्ता आपल्याला आवडतो तो खांदा, गळा, मुंढा आणि छाती या चार ठिकाणी नीट बसतो म्हणून. तिथे काहीही बदलायचं नाही. गळा अर्धा इंच खोल करू, बाही जरा फुगवू, असलं या वेळी काही नको. जो काय बदल करायचा तो कंबरेखाली.

माप काढायला जमिनीवर सतरंजी, तिच्यावर खाकी कागद, त्यावर कुर्ता पसरा. शिवणीवरून दर इंचाला टाचणी कागदात टोचत जा, मग कुर्ता उचलून भोकं पेन्सिलीने जोडा. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा काढा, कारण पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त कोरलेला असतो. एकच काढून दोन्हीकडे वापरलात तर पुढे काखेशी कापड गोळा होतं. छातीला टक्स (आकार यावा म्हणून शिवलेल्या निमुळत्या दुमडी) असतील तर टक्समध्ये दुमडून गेलेलं कापड मोजून कागदावर वाढवायला विसरू नका. ही आकृती शिवणीवरची आहे, तेव्हा माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, वेगळी सोडायची: बाजूला एक इंच, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा.

आता कंबर. कुर्ता घालून कंबरेला नाडी बांधा आणि तिच्या अर्धा इंच वर खडूची खूण करा. वर अशासाठी, की चुण्यांच्या घेराच्या वजनाने ती शिवण खाली ओढली जाते. कागद तिथे कापायचा आणि कापलेल्या कडेला पुन्हा अर्धा इंच माया द्यायची. नवशिके इथेच चुकतात. मीही चुकले होते.

घेर म्हणजे दोन सरळ चौकोन, पूर्ण पन्ह्याचे (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी). समजा ड्रेसची उंची ४४ इंच आणि वरचा भाग साडेचौदा. मग घेर साडेएकोणतीस, वर अर्धा इंच माया, खाली दोन इंच दुमड, म्हणजे ३२. असे दोन तुकडे म्हणजे ६४ इंच. ४४ पन्ह्याच्या कापडात वरचे भाग, बाह्या, गळ्याची तिरकी पट्टी धरून सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, पण फुलांचं कापड आहे म्हणून तीन मीटर घ्या. आणि रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेता. अस्तर लावणार असाल तर तेही भिजवा.

फुलांच्या कापडाचा खरा घोळ बेतताना होतो. कुर्ता बेतताना आपण कापड चारपदरी घालतो, एकदा लांबीत दुमडायचं आणि एकदा पन्ह्यात, की एका कात्रीत पुढचा-मागचा दोन्ही भाग निघतात. पण लांबीत दुमडलं की खालच्या पदरातली फुलं उलटी होतात. माझ्या पहिल्या ड्रेसला पुढे देठ खाली आणि पाठीवर देठ वर. मी पाठमोरी झाले की सगळी बाग शीर्षासनात! नणंदेने ते हळदीकुंकवात चारचौघींत दाखवलं. तेव्हा कापड नीट बघा. देठांना वर-खाली दिशा असेल तर फक्त पन्ह्यात दुमडा आणि प्रत्येक तुकडा एकाच दिशेने ठेवा, बाहीसुद्धा. बुट्टे सगळीकडे विखुरलेले, कुठूनही सारखेच दिसणारे असतील तर हा प्रश्नच नाही. पहिल्यांदा शिवताना तसंच कापड घ्यावं.

बुट्टी बोराएवढी असेल तर कुठेही कापा. फूल पेरूएवढं असेल तर कात्री लावण्याआधी कापड अंगाला लावून आरशासमोर उभ्या राहा. छातीवर नको तिथे दोन फुलं आली तर तो ड्रेस घरातच घालावा लागतो. मी फुलांची एक रांग बरोबर मध्यभागी घेते. घेरात जुळवाजुळव करू नका, चुण्यांत सगळं लपतं.

(या कापडाला जुन्या बायका चीट म्हणायच्या. इंग्रजीतलं चिंट्झ त्याच घरातलं. आपलं हे कापड तिकडे इतकं खपायला लागलं की १७२१ साली इंग्लंडने छापील सुती कापडावर कायद्याने बंदी आणली.)

चुण्यांसाठी मशीनचा टाका सगळ्यात मोठा करा आणि दोन समांतर टिपा मारा, शिवण त्यांच्या मधोमध येईल अशा. पुढचा आणि मागचा तुकडा वेगळा घ्या, नाहीतर ओढताना दोरा तुटतो. बॉबिनचा दोरा ओढायचा. ओढण्याआधी घेराचे आणि कंबरेचे चार-चार सारखे भाग करून टाचण्या लावल्या की चुण्या एका बाजूला गोळा होत नाहीत.

चेन लागेल का, तेही कुर्त्यावरच बघा. ड्रेसला जेवढी कंबर हवी तेवढी कच्च्या टाक्याने आवळा आणि कुर्ता डोक्यावरून काढून बघा. निघाला तर चेन नको. अडकला तर डाव्या बाजूच्या शिवणीत काखेखाली दोन इंच सोडून बारा इंची चेन लावा.

मन धजत नसेल तर आधी फक्त वरचा भाग मांजरपाटात (साध्या कोऱ्या सुती कापडात) शिवून अंगावर बघा. मीटरभर पुरेल. उजव्या शिवणीत खिसा घालायचा असेल तर तो घेराला चुण्या घालण्याआधीच लावून घ्या, नंतर फार उसवावं लागतं.