हेजहॉगच्या लघवीत वारंवार रक्त दिसतं, औषध संपलं की पुन्हा तेच. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मादी आहे, वय अडीच वर्षं. काही महिन्यांपासून लघवीत अधूनमधून रक्त येतंय, अँटिबायोटिक दिलं की थांबतं आणि कोर्स संपला की पुन्हा सुरू होतं. एक्स-रेमध्ये खडा दिसला नाही, आणि आता याहून जोरदार अँटिबायोटिक कोणतं, असं विचारताय. मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारात राहते, आणि आमच्या हेजहॉगला, चिंगीला, अगदी हेच झालं होतं. म्हणून कळकळीने सांगते, पुढचं औषध सुरू करण्याआधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या. आणि मूत्राशयाबरोबर गर्भाशयही नीट बघा, असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हेजहॉगला पाळी येत नाही, त्यामुळे मादीच्या अंगावरून रक्त जाणं कधीच नेहमीचं नसतं. मूत्रमार्ग आणि योनिमार्ग बाहेर पडण्याआधीच एकत्र येतात, त्यामुळे गर्भाशयातलं रक्त लघवीबरोबरच बाहेर पडतं आणि आपल्याला वाटतं मूत्राशयच बिघडलंय. नसबंदी न झालेल्या, दोन वर्षांपुढच्या माद्यांमध्ये गर्भाशयात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) किंवा गाठी होणं ही फार आढळणारी गोष्ट आहे. काही साध्या असतात, काही कर्करोगाच्या. या गाठींमधून रक्त सलग येत नाही, काही दिवस येतं आणि आपोआप थांबतं. नेमकं त्याच वेळी अँटिबायोटिक चालू असलं की श्रेय त्याला मिळतं. साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक खडे दिसतात, पण गर्भाशयाचा आतला भाग दिसत नाही. त्यामुळे तुमच्या एक्स-रेवरून फक्त खडा बहुधा नाही एवढंच म्हणता येईल.

घरी एक गोष्ट आजपासूनच करा. पिंजऱ्यातला भुसा काढा आणि सगळीकडे पांढरा, बिनछापाचा टिश्यू पेपर अंथरा. रात्री चाकावर धावता धावता हे प्राणी तिथेच लघवी करतात, म्हणून चाकाखालीही एक कागद ठेवा. सकाळी उजेडात प्रत्येक डाग बघा. चिंगीच्या कागदावर मला फिकट पिवळा ओला डाग आणि त्याच्या बाजूला वेगळा, तांबडा, घट्टसर थेंब दिसायचा. एकदा तर डाळीच्या दाण्याएवढी गुठळीच होती आणि तिच्या भोवतीचा कागद कोरडा होता. रक्त लघवीत पूर्ण मिसळून सगळा डागच गुलाबी दिसत असेल, छोटे छोटे पुष्कळ डाग असतील आणि लघवी करताना ती कुंथत असेल, तर मूत्राशयाकडे संशय जास्त जातो. नुसत्या कागदावरून निदान होत नाही, हे खरं. पण रोज तारीख टाकून फोटो काढले तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, कारण दवाखान्यात गेल्यावर ती गुंडाळून काट्यांचा गोळा होते आणि काहीच दाखवत नाही.

तपासणीसाठी बहुतेक वेळा आयसोफ्लुरेन वायूची हलकी भूल द्यावी लागते. घाबरू नका. शुद्धीवर असलेल्या हेजहॉगचं पोट कुणालाच नीट चाचपता येत नाही. त्या एकाच भुलेत जमेल तेवढं उरकून घ्या: सोनोग्राफी, किडनीसाठी थोडं रक्त, आणि सुईने थेट मूत्राशयातून घेतलेली लघवी. ही लघवी कल्चरला द्यायची, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात. पिंजऱ्याच्या तळातून उचललेल्या लघवीत विष्ठेतले जंतू मिसळतात, त्यामुळे कल्चरला ती चालत नाही. साध्या तपासणीला मात्र चालते. कागदाऐवजी स्वच्छ प्लास्टिक अंथरा, सिरिंजने ओढून घ्या आणि लगेच लॅबला पोचवा. कल्चरमध्ये जंतू निघाले तर कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल तेही त्याच रिपोर्टमध्ये येतं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे मिळेल. जंतूच नसतील तर जोरदार औषधाने काय साधणार? उलट तिची भूक जाईल, आणि एवढ्याशा जिवाला उपाशी राहणं झेपत नाही.

चिंगीच्या कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत एका बाजूला जाड दिसली. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल. माझ्या सासूबाईंची पिशवी काढली होती तेव्हा घरात जेवढी काळजी होती, तेवढीच या जेमतेम अर्धा किलोच्या जिवासाठी सगळ्यांना लागून राहिली. ऑपरेशनमध्ये धोका असतो. शरीर लहान असल्यामुळे भुलेत ते झपाट्याने गार पडतं, आणि थोडं रक्त गेलं तरी जड जातं. म्हणून असे छोटे प्राणी हाताळलेलेच डॉक्टर शोधा. शहरात नाही मिळाले तर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, ते काही फार लांब नाही. काढलेली पिशवी बायोप्सीला नक्की पाठवा. आमच्या रिपोर्टमध्ये साधा पॉलिप निघाला आणि त्यानंतर तिला पुन्हा कधी रक्त गेलं नाही. गाठ वाईट असली तरी ती पसरण्याआधी काढलेली बरी, म्हणूनच मी एवढी घाई करायला सांगतेय.

सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ निघालं तर मग मूत्राशयाचा दाह, एक्स-रेत न दिसणारा खडा किंवा किडनीचा आजार, यांचा शोध घ्यायचा. खडा सापडला तर तो कशाचा आहे हे तपासल्याशिवाय मांजरांचं खड्यावरचं खास खाणं सुरू करू नका. एका प्रकारच्या खड्यावर उपयोगी पडणारं खाणं दुसऱ्या प्रकाराला वाढवू शकतं. मागचे पाय लडखडत असतील तर तेही सांगा, कारण मणक्याच्या त्रासातही लघवी अडते किंवा नकळत गळते.

खाण्यापिण्याबद्दल थोडं. आपल्याकडे शाकाहारी घरात प्रेमाने दूधभात, पनीर, पाव असं दिलं जातं. हा किडे खाणारा प्राणी आहे, दुधाने त्याला जुलाब होतात आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं. मांजरांचं चांगल्या प्रथिनांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्या, जोडीला थोडे मीलवर्म, म्हणजे खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळ्या. पाणी बाटलीऐवजी जड, उथळ वाटीत ठेवा, वाटीतून ते जास्त पितात. खोली 24 ते 28 अंशांच्या दरम्यान हवी. थंडीच्या रात्री आपल्याकडे पारा याच्या बराच खाली जातो, आणि 20 अंशांखाली हा प्राणी सुस्तावून गार पडू लागतो. आजारी जिवाला ते फारच महागात पडतं. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही कण मोडूनसुद्धा देऊ नका. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम देतात, पण किडनी तपासून आणि डॉक्टरांनी वजनावर डोस काढून दिला तरच. क्रॅनबेरीच्या पावडरीवर पैसे घालवू नका.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे नर असेल तर आधी लिंगाचं आवरण बघा. त्यात भुसा किंवा केस अडकून सूज येते आणि लघवी तुंबते. आणि हे सगळं मी पाळीव आफ्रिकी हेजहॉगबद्दल लिहिलंय. कुणी कच्छकडून देशी शेळो, म्हणजे आपल्याकडचा रानातला हेजहॉग, आणून दिला असेल तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला घरी न ठेवता वन विभागाला कळवा.

ती कुंथतेय पण अख्ख्या रात्रीत कागद कोरडाच राहिला, किंवा ती खायची बंद झाली, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांच्या, आसपास असं झालं तर निघण्याआधी फोन करा. त्या दिवसांत मांज्याने कापलेले पक्षी सतत येत असतात आणि शहरातले बरेच डॉक्टर त्यातच अडकलेले असतात.