सर्व्हरवर की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) टाकली, तरी एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पासवर्ड का मागतं?

बहुतेक वेळा दोष कीमध्ये नसतो, सर्व्हरवरच्या परवानग्यांत, म्हणजे कोणती फाइल कुणी वाचायची-लिहायची यात असतो. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये 'स्ट्रिक्टमोड्स' ही परवानग्या तपासणारी सेटिंग मुळातच चालू असते. त्यामुळे तुमचं होम (सर्व्हरवरचं तुमचं मुख्य फोल्डर), त्यातलं 'डॉट एसएसएच' फोल्डर किंवा चालणाऱ्या कीजची 'ऑथोराइज्ड कीज' फाइल, यांपैकी एकातही दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल तर सर्व्हर ती की नाकारतो आणि तुम्हाला काही न सांगता पासवर्ड मागतो. सीएचमॉड या परवानग्या बदलणाऱ्या कमांडने होम ७५५, फोल्डर ७००, फाइल ६०० करा. सगळे फाइल तपासतात आणि ७७७ झालेलं, म्हणजे कुणालाही लिहिता येणारं होम तसंच राहतं! उबुंटूच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमध्ये) 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' दिसलं की कारण हेच. मात्र प्रश्न 'पासफ्रेज'चा येत असेल, तर तो सर्व्हरचा नाही, तुमच्याच कीवर लावलेल्या पासवर्डचा आहे. त्यासाठी एसएसएच-एजंट वापरा, तो उघडलेली की लक्षात ठेवतो.